लांबीचा पाचवा घात

झेरॉक्सच्या मशीनवर 120 टक्के मोठी प्रत काढायची सोय असते. काचेवर कागदाऐवजी माणूस ठेवता आला असता तर? 178 सेंटीमीटर उंचीचा, 85 किलो वजनाचा, तालमीत अंग कमावलेला एखादा गडी घेऊ. उंची, रुंदी, जाडी सगळं सारखंच 120 टक्के केलं की उंची भरते 213 सेंटीमीटर, म्हणजे सात फूट. आणि वजन? 102 किलो म्हणाल तर फसलात. माणूस तिन्ही दिशांनी वाढला, म्हणून 1.2 ला तीनदा गुणायचं. उत्तर 1.73. आपल्या 85 किलोच्या गड्याचे 147 किलो होतात.

17 डिसेंबर 2005 रोजी बर्लिनमध्ये नेमका या मापाचा माणूस बॉक्सिंगच्या रिंगमध्ये उतरला. लेनिनग्राडमध्ये जन्मलेला निकोलाय वालुयेव. उंची 213 सेंटीमीटर, वजन 147 किलो. समोर अमेरिकेचा जॉन रुइझ, त्याच्यापेक्षा जवळजवळ 40 किलोंनी हलका. हेवीवेट गटात वजनाला खालची मर्यादा असते, वरची नसते, त्यामुळे ही लढत नियमात बसत होती. पैज लावायला सांगितलं असतं तर आपण म्हणालो असतो, एका ठोशात खेळ खलास.

प्रत्यक्षात लढत पूर्ण बारा फेऱ्या चालली. दोन पंचांनी वालुयेवला निसटता कौल दिला, तिसऱ्यानं बरोबरी दिली. प्रेक्षकांतून शिट्ट्या आणि हुर्यो झाली, कारण अनेकांना रुइझच जिंकल्यासारखा वाटला होता. डब्ल्यूबीए या जागतिक बॉक्सिंग संघटनेचा पट्टा मात्र वालुयेवच्या कमरेला लागला. हेवीवेटचं जगज्जेतेपद मिळवणारा तो पहिला रशियन. जगज्जेत्यांमध्ये इतका उंच आणि इतका वजनदार त्याच्याआधी कुणीच नव्हता.

एवढ्या आडव्यातिडव्या देहाला चाळीस किलो हलका माणूस आडवा करता येऊ नये, याचं कारण रशियन प्रशिक्षकांत किंवा वालुयेवच्या स्वभावात शोधणारे बरेच आहेत. मला ते आधी गणितात दिसतं.

मोठं होणं फुकट मिळत नाही, हे 1638 साली गॅलिलिओनं लिहून ठेवलं आहे. स्नायूची ताकद त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते. दोर किती भार पेलेल ते त्याच्या जाडीवर अवलंबून असतं, लांबीवर नाही, तसंच हे. आपल्या 120 टक्के प्रतीत क्षेत्रफळ वाढतं 1.2 गुणिले 1.2, म्हणजे 1.44 पट. वजन मात्र 1.73 पट. म्हणजे वालुयेवच्या मापाचा माणूस मूळ गड्यापेक्षा बलवान असतो खरा, पण त्याच्या प्रत्येक किलोमागे असलेली ताकद 83 टक्क्यांवर येते. घामाचंही तेच. अंगात तयार होणारी उष्णता बाहेर पडते ती कातडीतून, आणि कातडी वाढते क्षेत्रफळाच्या हिशेबानं. तीन-तीन मिनिटांच्या बारा फेऱ्या, एकूण 36 मिनिटं, अशा शरीराला जपून खर्च करावी लागतात. वालुयेव फेरीत मोजकेच ठोसे मारायचा, लांब डाव्या हातानं समोरच्याला अंतरावर रोखून धरायचा. टीकाकार याला आळस म्हणत. मी काटकसर म्हणेन.

खरी गोम मात्र हात फिरवण्यात आहे. शेतातला ऊस उपटून एका टोकाला धरा आणि वाऱ्यात फिरवा. मग त्याच उसाचं एक कांडं तोडून फिरवा. वजनातला फरक हाताला कळतोच, पण त्याहून कितीतरी जास्त फरक फिरवण्याच्या जडपणात जाणवतो. फिरणाऱ्या वस्तूचा हा जडपणा, भौतिकशास्त्रातलं जडत्व आघूर्ण, वजन गुणिले अंतराचा वर्ग अशा हिशेबानं वाढतो. वजन आधीच लांबीच्या तिसऱ्या घातानं वाढलेलं, त्यात अंतराचे आणखी दोन घात मिळाले की होतो पाचवा घात. 1.2 चा पाचवा घात जवळपास अडीच. मराठीत घात शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि वालुयेवच्या हाताला दोन्ही लागू पडतात.

अडीचपट जड झालेला हात फिरवायला स्नायूंची ताकद 1.44 पट आणि तरफेची लांबी 1.2 पट, दोन्ही मिळून पीळ 1.73 पट. भागाकार करा. हात फिरायला सुरुवात करण्याची चपळाई मूळ गड्याच्या 69 टक्के उरते. पण हात लांब असल्यामुळे मुठीला वेग घ्यायला रस्ताही जास्त मिळतो. हिशेब शेवटपर्यंत नेला तर गंमत दिसते: मूठ समोरच्यापर्यंत पोचते तेव्हा तिचा वेग मूळ गड्याच्या मुठीइतकाच भरतो. वस्तुमान मात्र 1.73 पट. म्हणजे ठोसा जबरदस्तच. फक्त तो पोचायला 1.2 पट वेळ लागतो.

हे 1.2 पट किरकोळ वाटेल. एखादा ठोसा 150 मिलिसेकंदांत पोचतो असं धरू. मग मोठ्या प्रतीला लागतील 180. त्या जास्तीच्या 30 मिलिसेकंदांत, डोकं सेकंदाला दोन मीटरच्या वेगानं बाजूला घेणारा बॉक्सर सहा सेंटीमीटर सरकलेला असतो. हनुवटीवर बसणारा ठोसा कानाजवळून निघून जायला तेवढं अंतर पुरतं.

अर्थात हा कागदावरचा हिशेब आहे. माणूस म्हणजे दांडा नव्हे. ठोसा हातातून येतो ही समजूतही अर्धीच खरी. 1985 मध्ये सोव्हिएत संशोधकांनी 120 बॉक्सरांचे ठोसे मोजून पाहिले, तेव्हा सर्वांत कसलेल्या गटात ठोशाचा सुमारे 38 टक्के वाटा पायांच्या रेट्याचा आणि 37 टक्के धडाच्या पिळाचा निघाला. हाताचा वाटा फक्त 24 टक्के. कमी कसलेल्यांमध्ये पायांचा वाटा बराच कमी आणि हाताचा बराच जास्त निघाला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रँक ब्रुनो या हेवीवेटला टांगलेल्या, गादी गुंडाळलेल्या वजनावर ठोसा मारायला लावलं. मुठीचा वेग भरला सेकंदाला 8.9 मीटर आणि जोर 4096 न्यूटन, म्हणजे चारशे किलोंच्या वर भार. हा सगळा जोर स्पर्शानंतर 14 मिलिसेकंदांच्या आत गाठला गेला होता.

पायांच्या या 38 टक्क्यांत वालुयेवची आणखी एक अडचण दडलेली आहे. पायांचा रेटा जमिनीकडून वर आणि पुढे जातो. वालुयेवला मात्र बहुतेक वेळा खाली मारावं लागे. सव्वासहा फुटी प्रतिस्पर्धी गुडघ्यांत वाकून उभा राहिला की त्याची हनुवटी वालुयेवच्या खांद्याच्या बरीच खाली जाते. त्यात तो बॉक्सिंगकडे वळला विसाव्या वर्षाच्या आसपास, आधी बास्केटबॉल आणि थाळीफेक करून. व्यावसायिक पदार्पण 1993 मध्ये. ज्या वयात मुलं पायांची लय अंगात भिनवतात त्या वयात तो बास्केटखाली उड्या मारत होता.

आता झेरॉक्स मशीनकडे. माणसाच्या शरीरात हे मशीन खरोखर असतं, मेंदूच्या तळाशी, वाटाण्याएवढं. पीयूषिका ग्रंथी, डॉक्टर जिला पिट्यूटरी म्हणतात. कवटीच्या तळाच्या हाडात तिच्यासाठी एक छोटी खोबण आहे, आकारावरून तिला तुर्की खोगीर असं नाव पडलं आहे. या ग्रंथीतून वाढीचं संप्रेरक स्रवतं, ते यकृताला कामाला लावतं, आणि यकृतातून निघणारा दुसरा रेणू हाडांना, कूर्चेला, स्नायूंना वाढायला सांगतो. वयात येईपर्यंत लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेच्या चकत्या उघड्या असतात, उंची तिथून वाढते. नंतर त्या हाडात मिटून जातात. ग्रंथीवर साधी, कर्करोगाची नसलेली गाठ झाली आणि संप्रेरकाचा नळ चालूच राहिला, तर वय काय आहे यावर पुढचं सगळं ठरतं. चकत्या उघड्या असतील तर माणूस सात-आठ फुटांकडे जातो. मिटलेल्या असतील तर उंची थांबते, पण जबडा, कपाळाची कड, नाक, पंजे, पावलं रुंदावत राहतात. अंगठी बोटात शिरेनाशी होते, चपलेचा नंबर वाढतो. या दुसऱ्या प्रकाराला अ‍ॅक्रोमेगाली हे नाव 1886 मध्ये फ्रेंच डॉक्टर पिएर मारी यांनी दिलं. काहींच्या नशिबी दोन्ही येतं.

वालुयेवचं नाव या आजारासोबत नेहमी घेतलं जातं. त्याच्याआधी हेवीवेटचा सर्वांत वजनदार जगज्जेता होता इटलीचा प्रिमो कार्नेरा, 1933 आणि 34 मधला. त्याच्याबद्दलही हेच बोललं जाई. आपल्याकडे कुस्तीच्या शोमधून घराघरांत पोचलेला हिमाचलचा दलीप सिंग राणा, म्हणजे ग्रेट खली, याची अशीच गाठ 2012 मध्ये काढली. ही शस्त्रक्रिया बहुधा नाकातून वाट काढून करतात. कवटी उघडावी लागत नाही.

गंमत अशी की हेच संप्रेरक खेळाडू सुईतून चोरून घेतात आणि त्याबद्दल बंदी ओढवून घेतात. मग ज्याच्या अंगात ते जन्मभर मुबलक आहे, त्याला नैसर्गिक फायदा नाही का? नाही. अ‍ॅक्रोमेगालीत स्नायू फुगलेले दिसतात, पण आकाराच्या मानानं दुबळे निघतात. सांध्यांतली कूर्चा आधी जाड होते, मग झिजते. हृदयाची भिंत जाड होते, रक्तातली साखर चढते, झोपेत श्वास अडकतो. म्हणजे आपलं 1.44 चं गणितसुद्धा इथे जरा उदारच ठरतं.

तरीही या माणसानं सलग 46 लढती जिंकल्या. एकही लढत न हरता निवृत्त झालेला जुना हेवीवेट जगज्जेता रॉकी मार्सियानो, त्याच्या 49 विजयांच्या तो तीन पावलं मागे होता. पट्टा राखताना 2006 मध्ये ओवेन बेकला तिसऱ्या फेरीत आणि माँटी बॅरेटला अकराव्या फेरीत संपवलं. बॅरेटच्या वेळी त्याचं वजन 149 किलो भरलं, जगज्जेतेपदाच्या लढतीतला तो विक्रम. जानेवारी 2007 मध्ये बासलला जमील मॅकक्लाइनचा गुडघाच निकामी झाला आणि लढत संपली. मग एप्रिलमध्ये स्टुटगार्टला उझबेकिस्तानचा रुस्लान चागायेव आला. उंची फक्त 185 सेंटीमीटर, डावखुरा, पायांनी चपळ. आत शिरायचं, दोन मारायचे, ठोसा निघायच्या आत बाहेर. वालुयेव गुणांवर हरला. पुढच्या वर्षी रुइझला पुन्हा हरवून त्यानं पट्टा परत आणला आणि डिसेंबर 2008 मध्ये झ्युरिकला 46 वर्षांच्या माजी जगज्जेत्या इव्हँडर होलीफिल्डवर इतका काठावरचा विजय मिळवला की तो विजय होता का, यावर अजून वाद घालता येतो. 46 वर्षांच्या पायांनासुद्धा ती 30 मिलिसेकंदं पुरली.

पण याच पाचव्या घाताची एक बाजू वालुयेवच्या भल्याचीही होती. पन्नासहून जास्त व्यावसायिक लढतींत त्याला कुणीही नॉकआउट करू शकलं नाही. शुद्ध हरपते ती डोकं मागे ढकललं गेल्यामुळे, असा आपला समज असतो. ऑक्सफर्डचा भौतिकशास्त्रज्ञ हॉलबर्न यानं 1943 मध्ये मेंदूच्या जागी जिलेटिन घेऊन दाखवलं की खरं नुकसान डोकं झटक्यात फिरल्यामुळे होतं. कवटी फिरते, आतला मऊ मेंदू मागे राहतो, मधले तंतू ताणले जातात. हनुवटीवरचा ठोसा म्हणूनच घातक, कारण हनुवटी ही डोकं फिरवायची मूठ आहे. आता फिरण्याचा जडपणा आठवा. कवटी आणि जबडा मोठा आणि जाड, त्याखाली मानेचा बुंधा. असं डोकं फिरवायला कितीतरी जास्त पीळ लागतो, आणि मारणाऱ्याला तो पीळ खालून वर, आपल्या खांद्यापेक्षा फूटभर उंचावर पोचवायचा असतो. ज्या हिशेबानं वालुयेवचा हात मंद केला त्याच हिशेबानं त्याचा मेंदू शाबूत ठेवला.

7 नोव्हेंबर 2009 रोजी न्यूरेंबर्गला इंग्लंडचा डेव्हिड हेय समोर होता. 99 किलोंचा, वालुयेवपेक्षा तब्बल 44 किलोंनी हलका, आणि आदल्याच वर्षापर्यंत खालच्या वजनगटाचा जगज्जेता. त्यानं चागायेवचाच धडा गिरवला, फक्त आणखी वेगानं. वर्तुळात फिरत राहायचं, वालुयेवचा डावा हात पुढे आला की तो जिथे जायचा तिथून निघून जायचं, आणि हात परत जाईपर्यंत एक-दोन मारून पुन्हा दूर. ती लढत बघायला कंटाळवाणी होती, हे मान्य करायला हवं. बहुतेक वेळ वालुयेवचे ठोसे हवेतच गेले.

बाराव्या फेरीत मात्र हेयचा डावा हुक, म्हणजे बाजूनं वळून येणारा ठोसा, नीट बसला. वालुयेवचे पाय लटपटले, तो दोरांकडे झुकला, आणि उभाच राहिला. दोन पंचांनी हेयला, तिसऱ्यानं बरोबरीला कौल दिला. 36 वर्षांच्या वालुयेवची ही शेवटची लढत, 50 विजय आणि दोन पराभव. 2011 मध्ये तो सैबेरियातल्या केमेरोवो भागात हिममानवाचा माग काढायला जाऊन आला आणि त्याच वर्षाच्या शेवटी रशियाच्या संसदेत निवडून गेला. जिंकलेल्या हेयच्या उजव्या हातावर नंतर शस्त्रक्रिया करावी लागली. वालुयेवच्या डोक्यावर मारताना तो दुखावला होता.