आवाज फाटतोय: बांधाच्या अलीकडे की पलीकडे?

जुन्या व्हीएचएफ सेटचा, म्हणजे गाडीतल्या वायरलेस रेडिओचा, आवाज फाटायला लागला की पहिला बळी जातो स्पीकरचा. नवा स्पीकर बसतो, आवाज फाटतोच. मग ऑडिओ आयसी (आवाज मोठा करणारी चिप) बदलली जाते, तरी तेच. शेवटी कोणीतरी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आयएफच्या, म्हणजे आलेला सिग्नल ज्या ठरलेल्या मधल्या फ्रिक्वेन्सीवर आणतात त्या भागाच्या, सगळ्या कॉइल फिरवून ठेवतो आणि बरा होण्यासारखा सेट कामातून जातो. गळीत हंगामाच्या तोंडावर कारखान्याच्या जीपमधले सेट टेबलावर आले की लातूर काय, जालना काय, हेच बघायला मिळतं. ऑडिओतला बिघाड आणि डिटेक्टरच्या (सिग्नलमधून आवाज वेगळा काढणाऱ्या भागाच्या) आधीचा बिघाड कानाला जवळजवळ सारखेच लागतात, सगळा घोळ त्यातून होतो.

ऑडिओची बाजू बहुतेकांना येते, म्हणून उरकून टाकतो. बाहेरचा स्पीकर लावा. आवाज स्वच्छ आला तर आतला स्पीकर गेला. कोन दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाबा. घासल्यासारखं लागलं तर गॅपमध्ये माती किंवा लोखंडाचा कीस शिरलाय. व्हॉल्यूम वाढवल्यावरच फाटत असेल तर सेटच्या टर्मिनलवर, आवाज चालू असताना, व्होल्टेज बघा. बॅटरी बसत असेल तर आयसीला दोष देऊ नका. उलट हळू आवाजात खरखर आणि मोठ्या आवाजात स्वच्छ, असं असेल तर आउटपुट स्टेजचा बायस (तिला सतत लागणारं ठरावीक व्होल्टेज) गेलाय. आउटपुट आयसीचा मधला बिंदू सप्लायच्या निम्म्यावर हवा, 13.8 व्होल्टला साधारण 6.9. काही सेटमध्ये मात्र स्पीकरच्या दोन्ही वायरी निम्म्या व्होल्टेजवर असतात. तिथे एक वायर चासीला टेकवली की आयसी गेली. आधी मीटर लावा, मग हात लावा.

आता मुद्द्याचं. व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे नॉबमागचा बदलता रेझिस्टर, हा सेटमधला बांध समजा. बांधाच्या अलीकडचा, म्हणजे ऑडिओचा दोष तुमच्या नॉबवर बदलतो. पलीकडचा दोष नॉब कितीही फिरवला तरी तसाच राहतो आणि बोलणाऱ्याच्या आवाजावर बदलतो. कारण एफएममध्ये समोरचा जितक्या जोरात बोलेल तितकं डेव्हिएशन, म्हणजे फ्रिक्वेन्सीचं मधल्या जागेवरून इकडेतिकडे सरकणं, वाढतं. तुमचा सेट फ्रिक्वेन्सीवरून सरकला असेल किंवा फिल्टर (आपल्या चॅनेलपुरताच सिग्नल आत सोडणारा भाग) अरुंद असेल, तर हळू बोलणं फिल्टरमधून नीट येतं. जोराच्या शब्दाचं टोक कडेला कापलं जातं.

फसगत होते ती इथे. समोरचा ओरडला की तुमच्या स्पीकरमधूनही मोठा आवाज येतो, म्हणून ‘मोठ्या आवाजाला फाटतो, म्हणजे ऑडिओच’ असा निष्कर्ष निघतो. तो चूक आहे. नॉब इतका खाली आणा की स्पीकरला कान लावूनच ऐकू येईल. मग समोरच्याला सांगा, आधी हळू आणि नंतर जोरात ‘आऽऽ’ म्हण. जोराचा ‘आ’ अजूनही फाटत असेल तर दोष बांधाच्या पलीकडे, स्पीकरला हात लावायचं कारणच नाही. हीच चाचणी दुसऱ्या सेटवरून बोलायला लावूनही करा. फक्त एकाच स्टेशनचा आवाज फाटत असेल तर त्याचा ट्रान्समीटर तपासायचा, आपला सेट उघडायचा नाही. नव्या स्वस्त हँडसेटवर ‘वाइड’ म्हणजे ±5 किलोहर्ट्झ डेव्हिएशन लावून लोक 12.5 किलोहर्ट्झच्या चॅनेलवर बोलतात. तिथे ±2.5 हवं, त्यामुळे ऐकणाऱ्याचा अरुंद फिल्टर टोकं कापतो आणि बोल बिचाऱ्या जुन्या सेटला लागतो.

बांधाची खात्री हवी असेल तर पॉटच्या वरच्या टोकावरून 1 मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून सिग्नल काढून कॉम्प्युटरच्या छोट्या स्पीकरला द्या. इथेच फाटलेला मिळाला तर पुढचं काही उघडायची गरज नाही.

पलीकडे गेल्यावर पहिलं हत्यार मल्टिमीटर. सेटमध्ये एमसी3357 किंवा एमसी3361 ही आयसी असेल तर 9 नंबरची पिन हा डिटेक्टरचा आउटपुट. अँटेना काढून, स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर बंद ठेवणारा भाग) उघडून नुसत्या खरखरीवर तिथलं डीसी व्होल्टेज लिहून घ्या. मग नेमक्या चॅनेलचा, मॉड्युलेशन नसलेला कॅरिअर, म्हणजे आवाज न घातलेली नुसती रेडिओ लहर, द्या. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. 0.2 ते 0.3 व्होल्टचा फरक पडला तर सेट सरकलाय. सिंथेसायझरचा (फ्रिक्वेन्सी आकड्याने निवडता येणारा) सेट असेल तर याहून सोपं: 145.500 मेगाहर्ट्झवर बोलणारा 145.495 आणि 145.505 वर ऐका. दोन्हीकडे सारखाच बिघडला तर सेट मध्यावर आहे. एका बाजूला उलट स्वच्छ झाला तर दोष सापडला.

दुरुस्तीचा क्रम उलटा करू नका. आधी आयएफला अचूक 455 किलोहर्ट्झ देऊन 8 नंबरच्या पिनवरची क्वाड्रेचर कॉइल (डिटेक्टरची कॉइल) अशी लावा की 9 वर खरखरीच्या वेळचाच आकडा येईल. त्यानंतरच चॅनेलच्या क्रिस्टलचा (चॅनेलची फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या स्फटिकाचा) ट्रिमर, म्हणजे बारीक जुळवणीचा कपॅसिटर, फिरवायचा, तोही कॅरिअरवर तोच आकडा येईपर्यंत. आधी ट्रिमर फिरवला तर चुकलेल्या कॉइलला जुळवून चॅनेल सरकवल्यासारखं होतं. कॉइलची मूळ जागा मार्करने खूण करून ठेवा, अवजार प्लॅस्टिकचंच वापरा, आणि एका वेळी पाव फेऱ्याच्या पुढे जाऊ नका. मेणाने बंद केलेल्या बाकीच्या कॉइलना या कामात हात लावणाऱ्याला टेबलाजवळ फिरकू देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सिरॅमिक फिल्टर बदलताना अक्षर बघा: सीएफयू455 मध्ये ‘डी’ म्हणजे ±10 किलोहर्ट्झ, ‘ई’ ±7.5, ‘एफ’ ±6, ‘जी’ ±4.5. 25 किलोहर्ट्झच्या सेटमध्ये हाती लागला म्हणून ‘जी’ ठोकला, की फाटका आवाज आपणच विकत घेतला.

सकाळी स्वच्छ आणि मे महिन्यात परभणीच्या दुपारी जीपमध्ये फाटका, अशी तक्रार आली तर टेबलावर थंड सेट तपासून काही कळणार नाही. हेअर ड्रायरने आधी फक्त क्रिस्टलकडचा भाग तापवा आणि कॅरिअर चालू ठेवून 9 नंबरच्या पिनवर मीटर ठेवा. आकडा सरकला तर क्रिस्टल किंवा त्याचा ट्रिमर. आकडा जागेवर राहून आवाज फाटला तर मग ऑडिओकडचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तापवून बघा, आणि बदलताना 85 अंशाचे नव्हे, 105 अंशाचेच घाला.