कार्डिफ मॉडेल

मारहाणीत जखमी होऊन रुग्णालयात आलेल्यांची माहिती, नावगाव गाळून, पोलीस आणि नगर परिषदेला नियमित पुरवायची आणि त्यावरून हिंसा रोखायची, अशी ही पद्धत. वेल्सची राजधानी कार्डिफ इथे १९९० च्या दशकात ती उभी राहिली. तिचे प्रवर्तक जोनाथन शेफर्ड हे जबडा व चेहऱ्याचे शल्यविशारद. दारूच्या अड्ड्यांवरच्या भांडणात फाटलेले गाल आणि मोडलेले जबडे त्यांच्याकडे येत. यातल्या बहुतेक मारहाणींचा पोलीस दप्तरी पत्ताच नसे. जखमीला सूड घेतला जाण्याची भीती असते, मारणारा कोण हे ठाऊक नसते, शिवाय आपणही प्यायलेलो होतो हे सांगायची पंचाईत.

अपघात विभागात नाव नोंदवतानाच कारकून चार गोष्टी विचारतो: तारीख-वेळ, नेमकी जागा, कशाने मारले, मारणारे किती. डॉक्टरांवर हे काम टाकले की गर्दीच्या रात्री रकाने कोरेच राहतात. महिन्याकाठी ही यादी विश्लेषकाकडे जाते. तो ती पोलिसांच्या नोंदींशी जोडून नकाशावर मांडतो आणि रुग्णालय, पोलीस, परिषद यांची समिती त्यावर निर्णय घेते.

सगळा डोलारा जागेच्या रकान्यावर उभा आहे. ‘पबमध्ये’ किंवा ‘गावात’ एवढेच लिहिले तर ती नोंद फुकट. पबचे नाव हवे; आत, दारात की बाहेरच्या फुटपाथवर, तेही हवे. मारहाण आत झाली असेल तर पबच्या परवानाधारकाला जाब विचारता येतो. बाहेर टॅक्सीच्या रांगेत झाली असेल तर उपाय गस्तीचा आणि वाहतुकीचा. यादी तीन-चार महिन्यांनी हाती आली तर भांडणाचे ठिकाण तोवर बदललेले असते.

उपाय साधेच असतात: ठरावीक गल्लीत ठरावीक वेळी पोलीस, पबांची गर्दी असलेल्या रस्त्यावर वाहनबंदी, परवान्याच्या अटी, साध्या काचेऐवजी प्लॅस्टिकचे किंवा सहज न फुटणाऱ्या ‘मजबूत’ काचेचे पेले. पेल्यांची कथा मात्र सरळ नाही. ५७ बारमध्ये घेतलेल्या चाचणीत ‘मजबूत’ काचेच्या पेल्यांनी कर्मचाऱ्यांना उलट जास्त जखमा झाल्या. ते पेले पुरेसे मजबूत केलेलेच नव्हते.

२०११ साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात कार्डिफची तुलना तशाच १४ शहरांशी केली होती. मारहाणीमुळे दाखल होणारे रुग्ण कार्डिफमध्ये दरमहा लाखामागे ७ वरून ५ वर आले. इतर शहरांत ते ५ वरून ८ वर गेले. किरकोळ मारहाणीच्या पोलीस नोंदी मात्र कार्डिफमध्ये वाढल्या. हे अपयश मानू नये, कारण पोलीस आधीच जागेवर असले की प्रकरण किरकोळ असतानाच दप्तरी येते.

महाराष्ट्रातल्या रुग्णालयांत मारहाणीच्या जखमीची ‘एमएलसी’ (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची नोंद) होते आणि पोलिसांना कळवले जाते. पण ती नोंद त्या एका माणसाच्या प्रकरणासाठी, नावानिशी. कार्डिफची नोंद माणूस वगळून फक्त जागा धरते, त्यामुळे जखमीला तक्रार न करताही खरे ठिकाण सांगता येते. घरात नवऱ्याने पिऊन केलेल्या मारहाणीपुढे हा नकाशा तोकडा पडतो. ठिकाण म्हणून ‘राहते घर’ एवढेच लिहिले जाते, आणि तिथे गस्त लावता येत नाही.