कमाटीबागेतले पाच तास आणि न्यायाचा सिद्धांत : एक पार्श्वभूमी

सामाजिक न्यायाचा विषय विद्यापीठांत शिकवताना क्रम बहुधा ठरलेला असतो. आधी उपयुक्ततावाद आणि कांट, मग अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांची १९७१ सालची न्यायाची मांडणी, आणि अखेरीस त्यांचे उपयोजन म्हणून जात, आरक्षण, अस्पृश्यता. सिद्धांत परदेशातून येतो आणि उदाहरण तेवढे आपल्याकडचे असते. बडोद्याच्या मराठी वाचकाने तरी हा क्रम निमूटपणे मान्य करू नये, कारण न्यायविचारातील एक महत्त्वाचा प्रवाह, म्हणजे आंबेडकरांचा विचार, ज्या घटनांतून घडला, त्यांतील काही याच शहरात घडल्या आहेत.

सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या हाती १८८१ च्या अखेरीस पूर्ण अधिकार आले. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथातील काही भाग त्यांना वाचून दाखवला होता, आणि शेतकऱ्याच्या अज्ञानाला त्याच्या दैन्याचे मूळ मानणारा तो विचार राज्यकर्त्याच्या कानी थेट पडला होता. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण राज्याला लागू झाला. बालविवाहाला आळा घालणारा कायदा १९०४ चा, तर पुरोहितांना परीक्षेची अट घालणारा कायदा १९१५ चा. अंत्यजांसाठी, म्हणजे अस्पृश्य मानलेल्या जातींसाठी, वेगळ्या शाळा निघाल्या, परंतु तेथे शिकवायला सवर्ण शिक्षक तयार होईनात, म्हणून मुसलमान आणि आर्यसमाजी शिक्षकांवर भिस्त ठेवावी लागली आणि पुढे पंजाबातून पंडित आत्माराम यांना बोलावून घ्यावे लागले. राज्याची तिजोरी, हुकूम आणि इमारत ही तिन्ही हाताशी असूनही वर्गात उभा राहणारा माणूस मिळत नाही, ही अडचण प्रशासनाच्या दप्तरात ‘शिक्षकांची उणीव’ म्हणून नोंदवता येते. वास्तविक ती न्यायविषयक अडचण होती.

याच काळातील वेदोक्ताचे, म्हणजे धर्मकृत्ये वेदमंत्रांनी करून घेण्याच्या हक्काचे, प्रकरण मराठी घरांत अजूनही अभिमानाने सांगितले जाते. १८९६ मध्ये राजवाड्यातील धर्मकृत्ये वेदोक्त पद्धतीने होऊ लागली आणि काही वर्षांनी हाच वाद कोल्हापुरात अधिक कडवटपणे पेटला. छत्रपती आणि गायकवाड यांनी ब्राह्मणी मक्तेदारीला दिलेले ते आव्हान होते, यात शंका नाही. मात्र मागणीचे स्वरूप नीट पाहिले तर ती क्षत्रियत्वाच्या मान्यतेची होती, म्हणजे उतरंडीत आपली पायरी योग्य ठरवून घेण्याची. उतरंडीवर त्या मागणीचा आघात होत नव्हता. हा भेद त्या वेळी फारसा कोणाला बोचला नाही. पुढे ज्यांना तो बोचला, त्यांचे शिक्षण बडोद्याच्याच पैशावर झाले.

भीमराव रामजी आंबेडकर यांनी १९१३ मध्ये बडोदे संस्थानाशी करार केला. कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती आणि तिच्या मोबदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी, असे त्याचे स्वरूप होते. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यावर लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून १९१७ मध्ये ते बडोद्यात रुजू झाले, तेव्हा राहायला जागा मिळेना. त्यांनी स्वतः लिहून ठेवलेल्या आठवणींनुसार एका पारशी उतारगृहात त्यांनी आश्रय घेतला. तेथे पारशांखेरीज कोणाला ठेवण्याची मुभा नव्हती, म्हणून व्यवस्थापकाशी दिवसाला दीड रुपया ठरवून वहीत पारशी नाव लिहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची त्यांनी तंबी दिली. हिंदू मित्राने नोकर घर सोडून जातील अशी सबब सांगितली. ख्रिस्ती मित्राने पत्नीला विचारावे लागेल असे म्हटले, आणि हे दांपत्य मूळचे ब्राह्मण होते. मुंबईची गाडी रात्री नऊला होती, तोवरचे पाच तास आंबेडकरांनी कमाटीबागेत काढले.

या प्रसंगात बडोदे संस्थानाचा एकही कायदा मोडला गेला नाही. पद होते, पगार होता, खुद्द महाराजांची सहानुभूती होती. त्यानंतर काही महिन्यांनी, मार्च १९१८ मध्ये, मुंबईत भरलेल्या अस्पृश्यता निवारण परिषदेचे अध्यक्षपद सयाजीरावांनीच भूषवले. तरीही एका उच्चपदस्थ अधिकाऱ्याला शहरात खोली मिळाली नाही, कारण ती नाकारण्याचा अधिकार कायद्याच्या कक्षेबाहेर, शेजाऱ्याच्या, घरमालकाच्या आणि नोकराच्या हाती होता. न्याय म्हणजे वाटप, असे मानणारा कोणताही सिद्धांत येथे अडखळतो, कारण वाटप झालेलेच होते.

कोलंबियात आंबेडकरांना त्यांचे शिक्षक, तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांच्याकडून जे मिळाले, त्याचा उपयोग येथे दिसतो. लोकशाही ही केवळ राज्यपद्धती नसून सहजीवनाची रीत आहे, परस्परांच्या अनुभवात वाटेकरी होणे हा तिचा गाभा आहे, ही ड्यूईंची कल्पना आंबेडकरांच्या १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या, लाहोरला न होऊ शकलेल्या भाषणात जवळजवळ त्यांच्याच शब्दांत येते, आणि ड्यूईंचे ऋणही तेथे नावानिशी मान्य केलेले आहे. १९४३ मध्ये पुण्याच्या व्याख्यानात आंबेडकर आणखी पुढे गेले आणि हक्कांचे खरे रक्षण कायदा नव्हे तर समाजाची सदसद्विवेकबुद्धी करते, असे म्हणाले. हे वाक्य ड्यूईंच्या वर्गातून जितके आले आहे, तितकेच त्या उतारगृहाच्या दारातूनही आले आहे, असे मला वाटते.

नैतिक सिद्धांताच्या उपयोजनाचा सर्वांत पद्धतशीर नमुना मात्र त्यांच्या हिंदू धर्माच्या तत्त्वज्ञानावरील हस्तलिखितात आहे. हे लेखन त्यांच्या निधनानंतर, १९८७ मध्ये, महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. प्राचीन समाजात चांगल्या-वाईटाचा निकष समाजाची उपयुक्तता हा होता, आधुनिक समाजात तो व्यक्तीला मिळणारा न्याय हा झाला, असे ते आधी प्रस्थापित करतात आणि मग धर्मव्यवस्थेला दोन्ही कसोट्या लावतात. येथेच श्रेणीबद्ध विषमतेचा विचार महत्त्वाचा ठरतो. प्रत्येकाच्या खाली कोणीतरी असल्यामुळे वरच्याविरुद्ध सगळे एक होत नाहीत, ही मांडणी वाचताना वेदोक्ताची आठवण न झाली तरच नवल.

१९३७ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ माक्स होर्कहायमर यांनी पारंपरिक आणि चिकित्सक सिद्धांत यांत भेद केला. समाजाचे वर्णन करून थांबणारा विचार एकीकडे आणि मुक्तीची बाजू घेणारा विचार दुसरीकडे. हा भेद बडोद्यातील समाजशास्त्रालाही लावून पाहता येतो. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि १९५१ मध्ये एम. एन. श्रीनिवास येथे समाजशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या कूर्गवरील ग्रंथामुळे संस्कृतीकरणाची संकल्पना जगभर पोहोचली. खालच्या जाती वरच्यांचे आचार घेऊन वर सरकतात, हे निरीक्षण अचूक आहे, पण शिडीच असावी का, हा प्रश्न त्यात विचारलेला नाही. बडोद्यातच शिकवलेले आय. पी. देसाई यांनी पुढे ग्रामीण गुजरातमधील अस्पृश्यतेची पाहणी केली, ती १९७६ मध्ये प्रसिद्ध झाली. शाळा, टपाल, बस अशा सार्वजनिक व्यवहारांत अस्पृश्यता विरत चालली असली तरी घर आणि मंदिराच्या उंबऱ्यावर ती टिकून आहे, असे त्यांना आढळले. कायद्याच्या कक्षेबाहेरचा जो प्रदेश १९१७ मध्ये उघडा पडला होता, तोच हा.

रॉल्स यांची कल्पना अशी की आपले स्थान ठाऊक नसलेली माणसे न्यायाची तत्त्वे निवडतील. अमर्त्य सेन यांनी २००९ मध्ये संस्थांच्या आदर्श रचनेपेक्षा प्रत्यक्षात लोकांना काय जगता येते याकडे लक्ष वेधले, आणि अमेरिकन तत्त्वज्ञ नॅन्सी फ्रेझर यांनी वाटपाबरोबर समाजात मिळणाऱ्या मान्यतेलाही न्यायाचे अंग मानले. या मांडण्या उपयुक्त आहेतच, फक्त त्यांतील शेवटच्या दोन चिंता बडोद्याच्या अनुभवात आधीच स्पष्ट झालेल्या होत्या.

२००२ मध्ये राज्यशास्त्रज्ञ गोपाळ गुरू यांनी भारतीय समाजविज्ञानांवर आक्षेप घेतला की येथे सिद्धांत मांडण्याचे काम काहींकडे आणि अनुभव पुरवण्याचे काम दलितांकडे, अशी विभागणी झाली आहे. तत्त्वज्ञ सुंदर सरुक्काई यांनी त्यावर अनुभव आणि सिद्धांत यांच्या नात्याविषयीचे प्रश्न उपस्थित केले आणि हा वाद २०१२ मध्ये दोघांच्या संयुक्त ग्रंथात आला. आंबेडकरांच्या बाबतीत अनुभव घेणारा आणि सिद्धांत मांडणारा माणूस एकच होता. तरीही कमाटीबागेतले ते पाच तास जयंतीच्या भाषणांत हृदयद्रावक प्रसंग म्हणून सांगितले जातात, आणि न्यायाच्या अभ्यासक्रमात त्यांचे स्थान अजूनही उदाहरणांच्या यादीतच असते.