ऑडिट क्लिअर आहे म्हणजे नेमकं काय?

ग्रामसभेत बंधाऱ्याचा विषय निघाला की ठरलेलं उत्तर मिळतं, "ऑडिट झालंय, एकही आक्षेप नाही." तिथं लोक गप्प बसतात. बसू नये. कुठलं ऑडिट झालं, ते आधी विचारावं.

कॅग म्हणजे सरकारी खर्चाची तपासणी करणारे नियंत्रक व महालेखापरीक्षक. त्यांच्या कामात अनुपालन लेखापरीक्षा वेगळी आणि कामगिरी लेखापरीक्षा वेगळी. पहिलीत खर्च नियमात बसला का ते पाहतात, दुसरीत त्या खर्चातून ठरलेलं काम साधलं का ते.

कोल्हापुरी बंधारा घ्या. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मंजुरी, निविदा, मोजमाप पुस्तिका, बिल, सगळं चोख असू शकतं. पहिल्या तपासणीत असा बंधारा पास. पण पाऊस ओसरताना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या काढत्या-घालत्या फळ्या, बसवलेच नाहीत, चोरीला गेले किंवा फटीतून गळती लागली, तर पाणी नदीनं निघून जातं. भिंत खरी, बिल खरं, आणि दिवाळीनंतर शेजारच्या विहिरीला पाझर नाही. दुसरी तपासणी इथं सुरू होते. किती पाणी अडवायचं ठरलं होतं, किती अडलं, किती हेक्टर भिजलं, हेच काम कमी पैशात झालं असतं का? काटकसर, कार्यक्षमता आणि परिणामकारकता या तीन कसोट्या इथं लागतात.

मराठवाड्याला याचा मोठा दाखला माहीत आहे. जलयुक्त शिवार अभियान या राज्याच्या जलसंधारण योजनेवर 9,633.75 कोटी रुपये खर्च झाले. सप्टेंबर 2020 मध्ये विधिमंडळात मांडलेल्या अहवालात कॅगनं म्हटलं की, गावं पाण्याबाबत स्वयंपूर्ण करणं आणि भूजल वाढवणं, या दोन्हींत योजनेचा परिणाम फारसा दिसला नाही. तपासलेल्या जिल्ह्यांत बीडही होता. त्यावर राजकारण भरपूर झालं. गावाच्या कामाचा प्रश्न मात्र साठ्याचा होता.

उलटंही घडतं. काम उत्तम, पण निविदाच काढली नाही. तेही चूकच, कारण पुढच्या वेळी त्याच वाटेनं निकृष्ट काम येतं.

तरी माझ्या मते आपल्याकडे दुसरा प्रश्न, म्हणजे काम साधलं का, हा फार कमी विचारला जातो. मार्चअखेर "निधी शंभर टक्के खर्ची" हेच यश म्हणून सांगतात. ग्रामपंचायतीचं ऑडिट स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग करतो, त्यातले आक्षेपही बहुतेक व्हाउचर आणि वसुलीचे. अंदाजपत्रकात अपेक्षित साठा आणि भिजणारं क्षेत्र लिहिलेलंच नसेल, तर नंतर जाब कशाच्या आधारावर विचारणार? म्हणून हा आकडा काम मंजूर होतानाच ग्रामसभेनं मागावा आणि इतिवृत्तात लिहून घ्यावा.

कॅगचा अहवाल पुढं विधिमंडळाच्या लोकलेखा समितीकडे जातो आणि समिती खात्याच्या सचिवांची साक्ष घेते. गावपातळीवर रोजगार हमीच्या कामांचं सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेनं करायचं, हे 2005 च्या रोजगार हमी कायद्याच्या कलम 17 नं घालून दिलं. बाकी कामांना माहितीचा अधिकार आहे. त्यात कागदाच्या नकलांबरोबर कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क मिळतो. बंधाऱ्याची पाहणी मागायची तर बरगे बसवायच्या दिवसांत मागा.