नळाच्या पाण्याला टीसीएलचा वास का येतो?

"पाण्याला वास मारतोय, आज टीसीएल जास्त पडली वाटतं." टीसीएल म्हणजे पाणी निर्जंतुक करायला टाकतात ती क्लोरीनची ब्लीचिंग पावडर. उन्हाळ्यात आणि पहिल्या पावसात कोल्हापूर, इचलकरंजी, शिरोळ पट्ट्यात हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. पुढचे प्रश्नही ठरलेले असतात. हे पाणी प्यायचं का? क्लोरीनने कॅन्सर होतो म्हणतात, खरं का? आणि एवढा वास येतोय म्हणजे निदान जंतू तरी मेले असतील ना?

शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण खरा घोळ तिथेच आहे. उग्र वास आला म्हणजे पाणी शुद्ध झालं, असं नाही. पुष्कळदा अर्थ नेमका उलटा असतो.

क्लोरीन पाण्यात मिसळला की हायपोक्लोरस आम्ल तयार होतं. जंतू मारण्याचं काम मुख्यतः तेच करतं. पण ते जंतू निवडून मारत नाही, समोर येईल त्याला भिडतं. गाळ, शेवाळ, कुजका पाला, विरघळलेलं लोह, सगळ्यांत क्लोरीन खर्च होतो. यातला सगळ्यात खादाड म्हणजे मैल्यातून येणारा अमोनिया. अमोनियातला 1 मिलिग्रॅम नायट्रोजन संपवायला हिशेबाने साडेसात मिलिग्रॅमच्या वर क्लोरीन लागतो, आणि प्रत्यक्षात तर आठ ते दहा. त्याहून कमी पडला तर मधल्या अवस्थेत क्लोरामाइन नावाची संयुगं उरतात. ती जंतू मारतात, पण फार सावकाश, आणि त्यांच्यातल्या काहींचा वास मात्र नाकात जातो. म्हणजे वास येत असतानाही क्लोरीन कमीच पडलेला असू शकतो.

आता हे याच पट्ट्यातल्या पंचगंगा नदीला लावून बघा. नदीवर जागोजागी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा सरला की बरगे (बंधाऱ्याच्या फळ्या) घातले जातात आणि पाणी थबकतं. शेतीला ते हवंच. पण जयंती नाल्यासारखे नाले याच नदीला मिळतात, आणि साचलेल्या पाण्यात सांडपाणी आलं की ते कुजवणारे जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवून टाकतात. उन्हाळ्यात मेलेले मासे तरंगताना दिसतात ते बहुतेक वेळा यामुळेच. त्याच पाण्यात अमोनियाही चढलेला असतो. अशा वेळी हिवाळ्यातलाच डोस चालू ठेवला तर तो सगळा अमोनियाच खातो आणि जंतूंच्या वाट्याला काही उरत नाही. 2012 साली इचलकरंजीत हिपॅटायटिस-ई या काविळीची मोठी साथ आली होती. मैला मिसळलेल्या पाण्यातून पसरणारा हा विषाणू आहे.

गावाकडच्या पाण्याची अडचण वेगळी, आणि ती ग्रामपंचायतीच्या खोलीत कोपऱ्यात पडलेली असते. टीसीएलचं ताजं पोतं उघडलं तर डोळे चुरचुरतात; त्यात साधारण 33 टक्के क्लोरीन असतो. तेच पोतं तोंड उघडं ठेवून दमट भिंतीला टेकवलं की क्लोरीन उडून जातो आणि मागे राहतो तो जवळपास चुना. मग माप बरोबर असलं तरी उपयोग शून्य. ताज्या पावडरीचा हिशेब सोपा आहे. 1000 लिटरला 3 ग्रॅम टाकली की लिटरमागे सुमारे 1 मिलिग्रॅम क्लोरीन पडतो. पण कोरडी पावडर थेट टाकीत भिरकावायची नाही. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी टाकीत ओतायचं आणि अर्धा तास थांबायचं. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी. मातीच्या कणाआड लपलेल्या जंतूपर्यंत क्लोरीन पोचतच नाही.

(पूर ओसरल्यावर रस्त्याच्या कडेने पावडरीचे पांढरे पट्टे मारतात, ते फोटोत छान दिसतात. चिखलात तो क्लोरीन जागच्या जागी संपतो. तीच पावडर विहिरी आणि टाक्यांत घातली तर कामी येईल.)

पुरेसा क्लोरीन उरला की नाही, हे नाकाने नाही, ओटी टेस्टने कळतं. जलसुरक्षकाकडे, म्हणजे गावात पाण्याची देखरेख करणाऱ्याकडे, एक छोटी काचनळी आणि ऑर्थोटोलिडिनची बाटली असते. खुणेपर्यंत पाणी भरायचं, थेंब टाकायचे आणि लगेच बघायचं. पहिल्या काही सेकंदांत पिवळा रंग आला तर मोकळा क्लोरीन आहे, म्हणजे कशात खर्च न होता जंतूंसाठी उरलेला. रंग रेंगाळत, हळूहळू चढला तर तो क्लोरामाइनचा. पाच मिनिटांनी नळी बघून "पिवळं आलंय, ओके" म्हणणाऱ्याची टेस्ट चुकलेली असते. भारतीय मानकाप्रमाणे नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन हवा; विषाणूंची भीती असेल तेव्हा 0.5. डीपीडी गोळीने गुलाबी रंग येणारी चाचणी जास्त भरवशाची, आणि ऑर्थोटोलिडिन स्वतःच घातक असल्याने डीपीडीच वापरलेली बरी.

कॅन्सरची भीती अगदीच हवेतली नाही. क्लोरीन कुजक्या सेंद्रिय पदार्थांशी मिळाला की क्लोरोफॉर्मसारखी संयुगं बनतात, हे 1974 मध्ये नेदरलँड्समधल्या योहानेस रूक यांनी दाखवलं. आपल्या मानकात क्लोरोफॉर्मला लिटरमागे 0.2 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं स्पष्ट आहे: हा धोका फार लहान आहे, न निर्जंतुक केलेल्या पाण्याचा त्याहून कितीतरी मोठा. तो लहान धोकाही कमी करायचा तर क्लोरीन कापून चालत नाही, आधी पाण्यातला सेंद्रिय कचरा काढावा लागतो.

क्लोरीनला जमत नाही अशाही गोष्टी आहेत. कापड प्रक्रियेतले क्षार, जड धातू, शेतातून झिरपलेलं नायट्रेट यांच्यावर त्याचा काही इलाज चालत नाही. उकळूनही ते जात नाहीत, उलट पाणी आटलं की थोडे घट्टच होतात. क्रिप्टोस्पोरिडियमसारखा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही, तो मात्र उकळीने मरतो. आरओ क्षार काढतो, पण सोबत क्लोरीनही काढून टाकतो. म्हणून आरओचं पाणी दोन-दोन दिवस भांड्यात साठवू नये, त्यात पुन्हा हात बुडाला तर राखण करायला काही उरलेलं नसतं.

टाकीजवळच्या नळाची ओटी टेस्ट जवळपास नेहमीच पास होते. नमुना घ्यायचा तो लाइनच्या अगदी शेवटच्या घरातून, सकाळी पाणी सुटल्यावर. गटारातून गेलेल्या फुटक्या पाइपची खबर तिथेच मिळते.