अगापे आणि फिलिया: फरक आहे, पण प्रवचनात सांगतात तो नव्हे

अगापे आणि फिलिया हे प्रीतीसाठीचे दोन ग्रीक शब्द. अगापे म्हणजे देवाची निरपेक्ष प्रीती आणि फिलिया म्हणजे माणसामाणसांतला स्नेह, अशी वाटणी चर्चमध्ये हमखास ऐकू येते. पहिली वरची, दुसरी खालची. आधार दिला जातो तो नव्या करारातल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या २१व्या अध्यायाचा. पुनरुत्थानानंतर तिबिर्य समुद्राच्या काठी येशू आपल्या पेत्र या शिष्याला तीनदा विचारतो, "माझ्यावर प्रीती करतोस काय?" पहिल्या दोन वेळा येशूच्या तोंडी अगापाओ हे अगापेच्या कुळातलं क्रियापद आहे. पेत्र दोन्ही वेळा फिलेओ हे फिलियाच्या कुळातलं क्रियापद वापरून उत्तर देतो आणि तिसऱ्यांदा येशूही फिलेओच वापरतो. पेत्राला वरची पायरी चढवेना म्हणून येशू खाली उतरला, असा याचा अर्थ लावतात.

अर्थ ऐकायला गोड आहे, पण मजकुरात बसत नाही. पेत्राला दुःख का झालं हे योहानानेच लिहून ठेवलंय: येशूने तिसऱ्यांदा विचारलं म्हणून. येशूच्या अटकेच्या रात्री ज्याने त्याची ओळख तीनदा नाकारली, त्यालाच तीनदा विचारलं जात होतं. त्यात काठावर कोळशांचा विस्तव पेटलेला. त्यासाठी आलेला अंथ्राकिया हा शब्द नव्या करारात दोनच ठिकाणी सापडतो: एक इथे, आणि दुसरा १८व्या अध्यायात, प्रमुख याजकाच्या वाड्यात. तिथे शेकत उभा असतानाच पेत्र "मी त्याचा शिष्य नाही" म्हणाला होता. या प्रसंगाची किल्ली मला त्या विस्तवात दिसते. शिवाय याच संवादात मेंढरांसाठी, त्यांना चारण्यासाठी, 'ठाऊक आहे' यासाठीही योहान शब्द आलटून पालटून वापरतो. त्यांत कुणी पायऱ्या शोधत नाही.

योहानाची ही सवयच आहे. पिता पुत्रावर प्रीती करतो, हे ३:३५ मध्ये अगापाओने येतं आणि ५:२० मध्ये फिलेओने. येशूचा लाडका शिष्य १३:२३ला अगापाओने ओळखला जातो, २०:२ला फिलेओने. येशूचा मित्र लाजर याच्या आजाराचा निरोप येशूला पाठवताना लाजराच्या बहिणी फिलेओ वापरतात आणि दोनच ओळींनंतर योहान स्वतः अगापाओ लिहितो. फिलेओ खालचा असता, तर पित्याच्या प्रीतीसाठी तो चालला असता का?

उलट अगापाओही नेहमी पवित्र नसतो. परूश्यांना, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथाच्या लोकांना, सभास्थानातल्या मानाच्या जागा आवडतात, तिथे लूक अगापाओ लिहितो आणि मत्तय त्याच जागांसाठी फिलेओ. माणसांनी प्रकाशापेक्षा अंधाराची आवड धरली, तिथेही अगापाओच. सर्वांत बोचरं उदाहरण जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरातलं, सेप्टुआजिंटमधलं आहे. २ शमुवेल १३ मध्ये दावीद राजाचा मुलगा अम्नोन आपल्या सावत्र बहिणीवर, तामारवर, बलात्कार करतो आणि लगेच तिचा द्वेष करू लागतो. आधीच्या 'प्रेमा'पेक्षा हा द्वेष मोठा होता, असं ते वचन सांगतं. त्या 'प्रेमा'साठी तिथे शब्द आहे अगापे. हे वचन वाचल्यावर 'अगापे म्हणजे दैवी प्रीती' असं सरसकट म्हणायला जीभ रेटत नाही.

मग फरक काहीच नाही? आहे, पण तो वापरात आहे. फिलेओचा एक अर्थ चुंबन घेणं असाही होतो. येशूला पकडून देणारा यहूदा "मी ज्याचं चुंबन घेईन तोच तो" म्हणतो तेव्हा हेच क्रियापद आहे. अगापाओला तो अर्थ नाही. शेजाऱ्यावर आणि शत्रूवर प्रीती करा, ही आज्ञा अगापाओने दिली जाते. नामांत तर तफावत मोठी आहे: नव्या करारात अगापे शंभराहून अधिक वेळा येतं, फिलिया एकदाच, याकोब ४:४ मध्ये, आणि तेही जगाच्या मैत्रीबद्दल. पण फिलियाचं सख्खं भावंड असलेला फिलोस, म्हणजे मित्र, हा शब्द योहान १५:१३ मध्ये अगापेच्या शेजारी बसतो: मित्रांसाठी जीव द्यावा, यापेक्षा मोठी अगापे कुणाची नाही.

अगापेला वजन मिळालं ते अशा वाक्यांतून. प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं (१ करिंथ १३) प्रीतीचं वर्णन मराठीत "प्रीती सहनशील आहे" असं विशेषणाने सुरू होतं. ग्रीकमध्ये मात्र चौथ्या ते सातव्या वचनांत पौल क्रियापदांमागून क्रियापदं लावतो. प्रीती धीर धरते, भलं करते, हेवा करत नाही, फुगत नाही, अपकार मोजून ठेवत नाही. अगापे म्हणजे काय, हे पौल तिच्या कृतींतून सांगतो.