टँकरच्या नोंदी आणि डेटाबेसची ९७ दारं

आमची सोसायटी धायरीत, उन्हाळ्यात टँकर रोजचेच, आणि कुठला कधी आला, किती लिटर उतरवलं याची वही वॉचमनकाकांकडे. ती वही मोबाईलवर दिसावी म्हणून मी रुबी या प्रोग्रामिंग भाषेत एक छोटं ॲप लिहिलं. वेबपानं दाखवायला सिनात्रा, डेटाबेसशी बोलायला सीक्वेल आणि मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस, बास. लिंक ग्रुपवर टाकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आत ॲप बंद! लॉगमध्ये मेसेज होता, उरलेल्या जागा सुपरयुझरसाठी (डेटाबेसच्या मुख्य ॲडमिनसाठी) राखीव आहेत अशा अर्थाचा.

झालं काय होतं, तर डेटाबेसला जोडायची ओळ, म्हणजे सीक्वेल डॉट कनेक्ट, मी पान दाखवणाऱ्या रूटच्या आत, म्हणजे दर वेळी पान उघडलं की चालणाऱ्या कोडमध्ये, लिहिली होती. म्हणजे कुणीही पान उघडलं की नवीन कनेक्शन. आता कनेक्शन म्हणजे नुसती वायर जोडणं नाही हो. आधी ॲप ५४३२ नंबरच्या पोर्टवर जाऊन हाक मारतं, मग पोस्टग्रेस त्या एका कनेक्शनसाठी स्वतःची एक वेगळी प्रोसेस सुरू करतं, आणि त्यानंतर पासवर्डची तपासणी होते, त्यातही दोन-तीनदा इकडून तिकडे निरोप जातात. अशा प्रत्येक प्रोसेसला वेगळी मेमरी लागते. म्हणूनच त्याला मर्यादा असते, मूळ सेटिंगमध्ये १००, त्यातल्या ३ सुपरयुझरच्या, आपल्या वाट्याला ९७. बरं, काम झाल्यावर ही कनेक्शनं आपोआप सुटतील म्हणावं तर तेही नाही, कारण सीक्वेल प्रत्येक डेटाबेस ऑब्जेक्ट स्वतःच्या यादीत धरून ठेवतं, त्यामुळे रुबीचा गार्बेज कलेक्टर, म्हणजे नको असलेल्या गोष्टी मेमरीतून काढणारा, त्याला हात लावत नाही. सकाळी टँकर आला का बघायला शंभरेक वेळा पान उघडलं गेलं की संपलं.

उपाय एका ओळीचा. तीच ओळ फाईलच्या वरच्या भागात आणायची, ॲप सुरू होताना एकदाच चालेल अशी, आणि तिच्यातून मिळणारा डेटाबेस ऑब्जेक्ट डीबी नावाच्या कॉन्स्टंटमध्ये (न बदलणाऱ्या नावात) ठेवायचा. मग सीक्वेल कनेक्शनांचा पूल, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायचा सामायिक साठा, सांभाळतं. सदाशिव पेठेतल्या मेससारखं आहे हे, गिऱ्हाईक आलं म्हणून कुणी नवीन टेबल बनवत नाही, एकाचं जेवण झालं की त्याच जागेवर दुसरा बसतो, जागा नसेल तर बाहेर थांबतो. पूलमध्ये मुळात ४ जागा असतात आणि थांबायची मुदत ५ सेकंद, त्यानंतर एरर. पण ॲप चालवणारा प्यूमा सर्व्हर साध्या रुबीवर मुळात ५ थ्रेड चालवतो, एका वेळी पाच जणांना पान दाखवतो, म्हणजे गर्दीत एक जण उगाच ताटकळणार, म्हणून सीक्वेलचं मॅक्स कनेक्शन्स हे सेटिंग ५ करून टाका, मला तरी हे पहिल्या दिवशीच करावं असं वाटतं.

पासवर्ड मात्र कोडमध्ये नको, कोड गिटवर (कोडच्या आवृत्त्या ठेवायच्या जागी) गेला की तोही गेला. डेटाबेसचा पत्ता पासवर्डासकट डेटाबेस यूआरएल नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कोडच्या बाहेर सर्व्हरवर ठेवलेल्या सेटिंगमध्ये, ठेवायचा. पासवर्डात @ असेल तर तिथे %४० लिहावं लागतं (आकडे अर्थात इंग्रजी), नाहीतर पासवर्ड कुठे संपला आणि सर्व्हरचं नाव कुठे सुरू झालं याचा घोळ होतो, माझी अख्खी संध्याकाळ त्यात गेली.

आता सकाळी सातला, टँकर गेटवर असताना, पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी हा पोस्टग्रेसचा व्ह्यू, म्हणजे दर कनेक्शनला एक ओळ दाखवणारा तक्ता, उघडून बघतो. आमच्या ॲपच्या ओळी पाचाच्या वर जात नाहीत.